कोसबाडचे बालशिक्षण

पालघर (पूर्वीचा ठाणे) जिल्ह्यातील डहाणू तालुक्यात, कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी वारली आणि इतर आदिवासी मुलांसाठी उभा केलेला शिक्षणप्रयोग. मुलांच्या सर्जनशक्तीचा विचार करताना महाराष्ट्रात याच्याइतके मुळाशी जाणारे काम क्वचितच झाले.

ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत माँटेसरी पद्धतीने काम केले; १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरीची साधने महाग, खेड्याला न परवडणारी. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाल्यावर त्यांची जागा शंखशिंपले, बिया, पाने, खडे आणि माती यांनी घेतली. मूल त्यांवर मोजायला शिके, त्यांचेच नक्षीकाम करी. चित्र काढण्याला आठवड्याची एक तासिका देऊन सर्जनशीलता येत नाही. येथे गाणे, गोष्ट, नाच व मातीकाम हीच शिकण्याची वाट होती.

१९५७ मध्ये केंद्र कोसबाडला आले. पाड्यावरची मुले शाळेत का येत नाहीत, याचा शोध इथे मनापासून घेतला गेला. कुणी गुरे राखी, कुणी धाकटे भावंड सांभाळी. म्हणून शिक्षकच गुरांमागे कुरणात गेला आणि ‘कुरणशाळा’ भरली. तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्याला लागून बालवाडी व प्राथमिक शाळा, अशी ‘विकासवाडी’ आकाराला आली. वस्तीतल्या अंगणात बालवाडी भरवण्याची ‘अंगणवाडी’ही याच कामातली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले.

१९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले. पोषण व लसीकरण त्याबरोबर गेले, हे मोठेच काम. हाताने घडवत शिकण्याची पद्धत मात्र तितकी गेली नाही. कोसबाडची रीत डहाणूपुरती नाही. उदाहरणार्थ, जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील वडीगोद्रीच्या परिसरात शिंपले नसतील, पण सरकी, पऱ्हाटीच्या काड्या, तुरीचे दाणे व काळी माती आहे. शंभरापर्यंतचे अंक आणि बैलजोडी, दोन्ही त्यातून घडवता येतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने वय ३ ते ८ हा सलग पायाभूत टप्पा मानला आहे. विकासवाडीने बालवाडी व प्राथमिक शाळा यांच्यातली भिंत त्याआधी काही दशके काढली होती.