वायंगणातल्या एका फुलाचे २४० तास

स्थळ तळकोकण, महिना मार्च, पीक वायंगण, म्हणजे उन्हाळी भात. दिवस कुठल्या एका सालचा नाही. पूर्वेकडून कोरडा वारा सुटला आणि खारा वारा यायला उशीर झाला की असा दिवस उगवतो. लोंबीत फुलं पुष्कळ. आपण एकाच फुलावर नजर ठेवू, आणि त्यातही त्याच्या मादी बाजूवर.

फूल उमलण्याच्या सुमारे २४० तास आधी

पीक पोटरीत आहे. फुलाच्या तळाशी अंडाशय, त्यात बीजांड एकच. म्हणजे दाणा धरला तर इथेच, नाहीतर नाही. बीजांडातली एक पेशी शेजारच्या पेशींपेक्षा मोठी होते आणि अर्धसूत्री विभाजनाने तिच्या चार होतात. आईत २४ गुणसूत्रं होती, लेकींत बारा-बारा. चौघी एका ओळीत उभ्या, आणि त्यांतल्या तिघी लवकरच मरून जातात. बीजांडद्वारापासून सर्वांत लांब असलेली तेवढी जगते. याला शोकांतिका म्हणायचा मोह होतो. पण बहुतेक सपुष्प वनस्पतींची ही रीतच आहे. आपत्ती अजून लांब आहे.

सुमारे १५० तास आधी

उरलेल्या चौथ्या पेशीचं, म्हणजे गुरुबीजाणूचं, केंद्रक तीनदा विभागतं : दोन, चार, आठ. गंमत अशी, की तोवर मध्ये एकही भिंत नसते. आठ केंद्रकं एकाच पिशवीत. मग भिंती उभ्या राहतात आणि आठ केंद्रकांच्या पेशी होतात सात. बीजांडद्वाराशी अंडपेशी, तिच्या दोन्ही अंगांना सहायक पेशी. पलीकडच्या टोकाला तीन प्रतिध्रुवी पेशी. भातात त्या पुढे आणखी वाढतात. मधल्या मोठ्या पेशीत दोन केंद्रकं. झाला भ्रूणकोश.

३६ तास आधी

लोंबी निसवते आहे. भ्रूणकोश तयार आहे, आता फक्त वाट बघायची. पण हे वाट बघणं स्वस्थ बसून नाही. परागनलिकेला बोलावून आणायचं काम सहायक पेशींचं. टोरेनिया या बागेतल्या फुलाचा भ्रूणकोश बीजांडाबाहेर डोकावतो, म्हणून जपानी संशोधकांना हे तिथे तपासता आलं. २००१ मध्ये त्यांनी दोन्ही सहायक पेशी लेसरने मारल्या, तर नलिका तिकडे वळेचनात. २००९ मध्ये त्या पेशींतून पाझरणारी प्रथिनंही सापडली.

सकाळी ८

हवा अजून सोसवेल अशी. ओहोळाचं पाणी आटत आलंय, शेतात ओल आहे पण पाणी उभं नाही. फूल आत्ता उमललं असतं तर निभावलं असतं. ओरायझा ऑफिसिनॅलिस हा जंगली भात सकाळी लवकर फुलतो, आणि त्याचा हा गुण लागवडीच्या भातात आणण्याचे प्रयोग झाले आहेत. या शेतातल्या वाणात तो नाही.

१०.१५

मुळांना पाणी भरपूर असतं तर पानांतून बाष्प निघून लोंबी हवेपेक्षा थंड राहिली असती. ते होत नाही. लोंबी तापते.

१०.४५

तापमान ३५ अंशांपुढे. फुलाच्या तळाशी असलेली दोन इवली खवलं पाणी पिऊन फुगतात आणि तुसाचे दोन भाग उघडतात. आत पिसासारख्या दोन कुक्षी मोकळ्या होतात, सहा परागकोश बाहेर येतात. आता परागकण फुगून कोश फुटायला हवेत. उष्णतेत ते नीट फुगत नाहीत. कोश जेमतेम फाटतात. कुक्षीवर पडतात ते मोजकेच कण, आणि त्यांतले थोडेच रुजतात. भाताचा परागकण काही मिनिटंच जिवंत राहतो.

इथे दोष बहुधा मादीचा नसतो. तापलेल्या फुलाच्या कुक्षीवर न तापलेले पराग टाकले तर दाणे धरतात, हे प्रयोगांत दिसलं आहे.

११.४५

एव्हाना नलिका बीजांडद्वारातून आत शिरून एका सहायक पेशीत फुटायला हवी होती. तिच्यातल्या दोन पुंपेशींपैकी एक अंडपेशीला मिळते, त्यातून गर्भ होतो. दुसरी मधल्या पेशीच्या दोन केंद्रकांना, त्यातून ३६ गुणसूत्रांचा भ्रूणपोष. हे दुहेरी फलन १८९८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ नावाशिन यांनी लिलीवर्गातल्या फुलांत दाखवलं. आपल्या ताटातला भात म्हणजे जवळजवळ सगळा हा भ्रूणपोषच. आज नलिका आलीच नाही. तुसं मिटली आहेत, आणि भाताचं फूल दुसऱ्यांदा उघडत नाही.

संध्याकाळी ६

लोंबी टोकाकडून खाली फुलत जाते, त्याला पाच-सात दिवस लागतात. म्हणजे खालची फुलं अजून बाकी आहेत. रात्रीत पाटाला पाणी मिळालं तर त्यांचं काही होऊ शकेल. या फुलाचं नाही.

३० दिवसांनी

झोडणी होते. उफणताना पळिंज, म्हणजे दाणा न भरलेली तुसं, वाऱ्याबरोबर लांब जाऊन पडतं. यंदा ते जास्त दिसतंय, म्हणून लोंबीवरच्या ढेकण्यावर ठपका येतो. तो दुधातले दाणे शोषतो हे खरं. पण इथे त्याला शोषायला दाणाच नव्हता. पुढच्या हंगामासाठी मात्र फवारणीचं औषध विकत आणलं जातं, आणि मार्चच्या त्या आठवड्यात शेतात पाणी होतं का, हे कोणी विचारत नाही.