पितळी पातेल्यातले दूध

एक-दोन वर्षांचे मूल चिडचिडे होते, खाईनासे होते, त्याचे पोट फुगू लागते. डॉक्टरांनी पोट चाचपले की बरगड्यांखाली टणक, धारदार कडेचे यकृत हाताला लागते. पुढे कावीळ, पोटात पाणी आणि बहुधा काही महिन्यांत मृत्यू. कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ साली या आजाराचे वर्णन केले. पुढे त्याला नावच पडले 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस'.

कित्येक घरांत एकापाठोपाठ दुसरे भावंडही याच आजाराने जाई. साहजिकच दोष रक्तात शोधला गेला. पण भावंडांचे रक्त जसे एक, तसे स्वयंपाकघरही एकच असते! याकडे लक्ष जायला बराच काळ लागला.

धागा मिळाला तो एका रंगामुळे. १९७८ साली लंडनच्या पोर्टमन, टॅनर आणि सहकाऱ्यांनी अशा मुलांच्या यकृताचे पातळ काप ऑर्सीनने रंगवले. (ऑर्सीन हे दगडफुलांच्या वर्गातल्या लायकेनपासून मिळते.) पेशींत गडद तपकिरी कण दिसले. ही तांब्याला धरून ठेवणाऱ्या प्रथिनाची खूण होती. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या वजनात साधारण ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबे असते. या मुलांत ते कित्येक पटींनी जास्त, हजाराच्या घरातही आढळले.

हे तांबे आले कुठून? याचे उत्तर लंडनच्या सूक्ष्मदर्शकात मिळण्यासारखे नव्हते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांच्याकडे रुग्ण येत होते. टॅनर यांच्यासह त्यांनी आयांना विचारले : बाळाला वरचे दूध कधी सुरू केले? ते कशात तापवले, कशात ठेवले? हेच प्रश्न आजार नसलेल्या मुलांच्या घरीही विचारले. माझ्या मते या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. पितळी भांडी तर घरोघरी होती. नुसत्या रुग्णांकडे पाहून काहीच ठरले नसते. आजारी मुलांना जनावराचे दूध फार लवकर सुरू झाले होते आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवले वा साठवले जात होते. १९८३ साली हा निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आला.

गाईच्या दुधात मुळात तांबे अगदी थोडे. पण पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. बिनकल्हईच्या भांड्यातून सुटणारे तांबे दुधातले केसिन घट्ट पकडते. शरीर जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकते, आणि तान्ह्या बाळात ही व्यवस्था अजून कच्ची असते.

पुण्याच्या गटाने पेनिसिलामाइन हे तांबे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारे औषधही देऊन पाहिले. कावीळ होण्याआधी ते सुरू झाले तर काही मुले वाचली. मात्र खरा फरक पडला तो भांडी बदलल्याने. स्टेनलेस स्टील घरोघरी येतच होते, त्याला डॉक्टरांच्या सल्ल्याची जोड मिळाली आणि आजार झपाट्याने दुर्मिळ झाला.

सगळ्यांचे समाधान झाले असे नाही. काही रुग्णांच्या घरी पितळी भांडे नव्हतेच, आणि पितळेतले दूध प्यायलेली बहुतेक मुले ठणठणीत राहिली. मग काहींचेच यकृत का बिघडले? १९९६ साली ऑस्ट्रियातील टिरोल भागातून असाच अहवाल आला. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बालके अशाच आजाराने दगावली होती. दूध तांब्याच्या भांड्यात तापवले जाई आणि भांडी बदलल्यावर आजार संपला. तिथे मात्र वंशावळींवरून आनुवंशिक दोषही असावा असे दिसले. विल्सनच्या आजारात यकृतात तांबे साठते, पण त्या आजाराचा जनुक टिरोलमध्ये जबाबदार नसल्याचे १९९८ साली स्पष्ट झाले. दुसरा कोणता, हे शोधायला आता नवे रुग्ण जवळजवळ उरलेले नाहीत.