बेझंटबाईंचे पहिले बिऱ्हाड

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. पण केलेले लग्न मोडले आहे, कडेवर तीन वर्षांची पोर आहे आणि हातात महिन्याची मोजकी रक्कम आहे, अशा बाईने घर कसे पाहावे, हे काही म्हण करणाऱ्याने सांगून ठेवलेले नाही.

ॲनी बेझंट हे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या वस्त्रातली, पिकल्या केसांची वृद्धा उभी राहते. १८९८ साली काशीत सेंट्रल हिंदू कॉलेज काढणारी, होमरूलसाठी १९१७ साली स्थानबद्धता भोगून त्याच वर्षी कलकत्त्याच्या काँग्रेसची अध्यक्ष झालेली. वर्गात मी ती अशीच शिकवीत आले. परंतु त्याआधीची एक सव्वीस वर्षांची बेझंटबाई आहे. ती लंडनच्या उपनगरांतून भाड्याचे घर शोधीत हिंडते आहे. ती काही पाठ्यपुस्तकात येत नाही.

खरे पाहता घर शोधण्याचे बाळकडू तिला आईकडूनच मिळाले होते. ॲनीचे वडील १८५२ साली वारले, तेव्हा ती पाच वर्षांची होती. मुलाला हॅरोच्या नामांकित शाळेत घालायचे, या एका हट्टाने आई हॅरोला गेली. एका वाण्याच्या दुकानावरच्या जागेत राहून तिने घराचा शोध चालविला. शेवटी टेकडीवरचा जुना पाद्रीवाडा भाड्याने घेतला, शाळेतली मुले राहायला-जेवायला ठेवली आणि त्या उत्पन्नावर मुलाचे शिक्षण केले. मुख्याध्यापकांनी त्याला आनंदाने परवानगी दिली. विधवेला जग हळहळत का होईना, जागा देते. नवरा जिवंत असताना वेगळी झालेली बाई आली की तेच जग आधी चौकशी करते.

१८६७ मध्ये ॲनीचे लग्न फ्रँक बेझंट या पाद्र्याशी झाले. दिग्बी हा मुलगा आणि मेबेल ही मुलगी अशी दोन मुले झाली. १८७१ साली मेबेल डांग्या खोकल्याने मरणाच्या दारी जाऊन आली. त्या लेकराच्या यातना पाहताना आईच्या श्रद्धेला जो तडा गेला तो पुन्हा सांधला नाही. पुढच्याच वर्षी नवऱ्याला लिंकनशायरमधील सिब्सी गावाचे चर्च मिळाले आणि पाद्र्याची बायको प्रभुभोजनाच्या वेळी चर्चमधून उठून जाऊ लागली. गावात कुजबूज सुरू झाली. १८७३ मध्ये नवऱ्याने निर्वाणीचे सांगितले : प्रभुभोजन घ्यायचे, नाही तर या घरात राहायचे नाही.

ती घराबाहेर पडली.

घटस्फोटाचा प्रश्नच नव्हता. इंग्लंडच्या १८५७ च्या कायद्याने नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे कारण पुरे होई. बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा आणखी काही सिद्ध करावे लागे. तेव्हा विभक्त राहण्याचा करार झाला. वर्षाला ११० पौंड मिळायचे, मेबेल आईकडे, दिग्बी बापाकडे, आणि वर्षातून एक महिना मुलांची अदलाबदल. चार वर्षांचे पोर मागे ठेवून आणि तीन वर्षांचे बरोबर घेऊन ती निघाली.

भावाने घर देऊ केले. मनात काही वाईट नव्हते त्याच्या. पण त्या पाखंडी मंडळींची संगत सोडायची, एवढीच अट. मंडळी म्हणजे टॉमस स्कॉट हा वृद्ध गृहस्थ व त्याचे मित्र. स्वतंत्र विचारांची चोपडी तो आपल्या पदरच्या पैशाने छापीत असे. ॲनीचे पहिले चोपडेही त्यानेच ‘एका पाद्र्याची पत्नी’ एवढ्याच ओळखीवर छापले होते. एका छपराखालून अटीपायी निघालेली बाई दुसऱ्या छपराखाली अट मान्य करून कशी जाईल? तिने भावालाही नाही म्हटले.

मग नोकरीचा शोध. गरजू स्त्रियांना घरबसल्या काम देऊ करणारी एक जाहिरात तिने पाहिली आणि मागितलेली फी पाठवून दिली. उत्तरादाखल एक पेन्सिलीची डबी आली. अशाच डब्या आपल्या मैत्रिणींना विका, असा निरोप! कशिद्याच्या कामात आठवडेच्या आठवडे घालवून हाती आले साडेचार शिलिंग. अखेर फोकस्टनला आजी आणि मावश्या होत्या, त्यांच्या ओळखीने तिथल्या पाद्र्याकडे मुलांना शिकविण्याचे काम मिळाले. पगार नाही; मायलेकींनी तिथे राहावे व जेवावे, हाच मोबदला. शिकविता शिकविता ती स्वयंपाकीण झाली आणि मुले आजारी पडली तेव्हा दाईही झाली. पैसा मात्र साठत होता, कारण त्याआधीच तिने अपर नॉरवुडमध्ये, कोल्बी रोडवर, एक चिमुकले घर पाहून ठेवले होते. स्कॉट पतिपत्नी जवळच राहत. वसंतात तिथे जायचे, आईलाही बोलवायचे, असा बेत होता.

१८७४ च्या वसंतात ते घर लागले खरे, पण आई आली ती अंथरुणाला खिळलेली. बाहेरच्या खोलीत तिची खाट टाकली. प्रभुभोजन घेऊन डोळे मिटावे, ही तिची शेवटची इच्छा. पण ॲनी बरोबर घेणार नसेल तर आपल्यालाही नको, असा तिचा हेका! अविश्वासी मुलीला कोणता धर्मगुरू प्रभुभोजन देणार? ॲनी वेस्टमिन्स्टरचे डीन स्टॅन्ली यांच्याकडे गेली आणि आपण मानीत नाही, हे स्पष्ट सांगून मोकळी झाली. तो भला माणूस स्वतः त्या घरी आला व दोघींना प्रभुभोजन देऊन गेला. ज्या गोष्टीसाठी नवऱ्याचे घर सोडले, तीच या घरात तिने आईसाठी केली. मे महिन्यात आई गेली.

नंतरचे महिने उपासाचे होते. घरात मेबेल, एक मोलकरीण आणि आपण अशी तीन तोंडे. ब्रिटिश म्युझियममध्ये अभ्यासाला जाते, तिकडेच जेवेन, असे सांगून ती सकाळी निघे. जेवण कुठले! लागोपाठ दोन संध्याकाळी ती दिसली नाही की मिसेस स्कॉट चौकशीला येत आणि रात्रीचे चार घास त्यांच्याकडे पोटात पडत. ऑगस्टमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉची गाठ पडली व त्याच्या ‘नॅशनल रिफॉर्मर’ पत्रात आठवड्याला एक गिनीचे काम मिळाले. घर तगले.

इथे गोष्ट संपती तर दिवाळी अंकाला शोभली असती.

पूर्वी इंग्लंडात लेकरांवर हक्क केवळ बापाचा असे. कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेचे तीन मुलगे नवऱ्याने १८३६ साली तोडले. तिच्या झगड्यातून १८३९ चा कायदा झाला आणि सात वर्षांखालील मूल मागण्याचा अधिकार आईला मिळाला. ॲनी घर सोडीत होती त्याच १८७३ साली ही मर्यादा सोळा वर्षांवर गेली व मूल आईला देणारे विभक्तपणाचे करारही ग्राह्य ठरले. पण त्यात मेख होती : करार मुलाच्या हिताचा नाही असे कोर्टाला वाटले तर तो अमलात आणायचा नाही.

१८७७ साली ब्रॅडलॉ व बेझंटबाई यांनी संततिनियमनावरचे डॉ. नोल्टन यांचे पुस्तक मुद्दाम पुन्हा छापले. खटला झाला, शिक्षा झाली, ती अपिलात तांत्रिक कारणावरून रद्दही झाली. पण सिब्सीच्या पाद्र्याला हवे ते मिळाले. १८७८ मध्ये त्याने मेबेल परत मागितली. न्यायमूर्ती जॉर्ज जेसेल यांनी आईने मुलीची माया व काळजी यांत काही कमी केले नाही, हे कबूल केले. परंतु मुलीला धर्मशिक्षण न देणारी, असले पुस्तक छापणारी बाई तिला वाढविण्यास योग्य नाही, असे ठरविले. पोटाला चिमटा घेऊन राखलेल्या घराला कोर्टाने नावे ठेवली नाहीत. त्या घरातल्या बाईच्या डोक्यात काय आहे, ते पाहिले. बापाचा माणूस आला आणि किंचाळणाऱ्या मेबेलला उचलून घेऊन गेला.

पुढे अपिलात मुले भेटविण्याची सवलत मिळाली. पण दर भेटीनंतर लेकरांचीच ओढाताण होते, हे पाहून तिने ती सवलतही सोडली. कळत्या वयाची होईपर्यंत भेटायचे नाही, पत्रही लिहायचे नाही, असा निश्चय केला. आईने असे करावे का, यावर आमच्या शिक्षिकांच्या खोलीत एकदा कडाक्याचे भांडण झाले आहे. मी बेझंटबाईंच्या बाजूने होते; घरी आल्यावर मात्र माझी तितकी खात्री राहिली नाही. वयात आल्यावर दोन्ही मुले आपण होऊन आईकडे परतली.

योगायोग असा की, १९१२ मध्ये मद्रासच्या कोर्टात बेझंटबाईंवरच एका बापाने फिर्याद केली. जे. कृष्णमूर्ती व त्यांचा भाऊ नित्यानंद यांचे पालकत्व वडील नारायणय्या यांनी आधी तिला लिहून दिले होते. आता त्यांना मुलगे परत हवे होते. मद्रासला बाई हरली. १९१४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरविला. मुलांच्या इच्छेचा विचारच झालेला नाही, हे त्यांनी दिलेल्या कारणांपैकी एक होते. मेबेल बापाच्या स्वाधीन झाली त्याला तोवर छत्तीस वर्षे होऊन गेली होती.