ॲलर्जी : एका शब्दाचा निसटलेला अर्धा अर्थ

'ॲलर्जिक अस्थमा' हे दोन शब्द डॉक्टरांच्या कागदावर शेजारी शेजारी बसतात. त्यांच्या वयात मात्र अडीच हजार वर्षांचे अंतर आहे.

'अस्थमा' मूळचा ग्रीक, अर्थ धाप. 'इलियड'मध्ये घायाळ हेक्टरला लागलेल्या धापेसाठी तो येतो, तेथे रोगाचा संबंध नाही. लक्षणाचे नाव पुढे रोगाला चिकटले. आपल्याकडेही तेच झाले. चरकसंहितेतील 'तमक श्वास' काय किंवा फारसी 'दम' म्हणजे श्वास, त्यावरून आलेला 'दमा' काय, कारण कोणतेच नाव सांगत नाही.

'ॲलर्जी' मात्र १९०६ सालची. त्या काळी घटसर्पाने मुले गुदमरून मरत. घोड्याच्या रक्तापासून काढलेले सिरम टोचले की पुष्कळ वाचत. पण काहींना आठ-दहा दिवसांनी ताप येई, अंगावर गांधी उठत, सांधे दुखत. व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांना यात एक विलक्षण गोष्ट दिसली. पुन्हा सिरम टोचलेल्या मुलांत हाच त्रास काही तासांत किंवा दुसऱ्याच दिवशी उमटे. सिरम तेच, मूलही तेच. मग बदलले काय? बदलले होते शरीराचे वागणे. पहिली भेट त्याच्या स्मरणात होती. आजार बाहेरचा पदार्थ देत नाही, त्याला मिळणारा शरीराचा प्रतिसाद देतो, हा निष्कर्ष त्या काळी धाडसाचाच म्हणावा लागेल.

यासाठी पिर्केने ग्रीक 'आलोस' (निराळे) आणि 'एर्गोन' (कार्य) जोडून शब्द घडवला. त्यात दोष अभिप्रेत नव्हता. देवीची लस पूर्वी घेतलेल्या मुलाला ती पुन्हा टोचल्यावर लवकर उमटणारी खूणही त्याने यातच बसवली. म्हणजे संरक्षणही ॲलर्जीच! जगाने शब्द उचलला, पण त्रासाचा अर्धा भाग तेवढा ठेवला. (मराठीतील 'वावडे' नेमके या उरलेल्या अर्ध्याला लागू पडते.)

दमा तोवर बहुतेकांच्या लेखी मज्जातंतूंचा विकार होता. परके प्रथिन पुन्हा टोचलेले गिनीपिग श्वासनलिका आवळून मरतात, हे प्रयोगांत दिसल्यावर १९१० मध्ये अमेरिकेतील सॅम्युएल मेल्टझर यांनी माणसाच्या दम्यामागेही हीच यंत्रणा असावी असे मांडले.

ही स्मृती रक्तात वाहून कोण नेते, याचे उत्तर १९६० च्या दशकात मिळाले. डेन्व्हरमध्ये किमिशिगे व तेरुको इशिझाका या दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी स्वतंत्रपणे एकच प्रतिपिंड शोधले. ॲलर्जीच्या रक्ततपासणीत 'आयजीई' या नावापुढे छापलेला आकडा त्याचाच.