झाडाने मान टाकली? पाणी ओतण्याआधी ५ मिनिटांची ही तपासणी करा

घरातल्या कुंडीतल्या झाडाची पानं लोंबकळली की आपला हात आपोआप पाण्याच्या तांब्याकडे जातो. कधी त्याने झाड वाचतं, आणि कधी त्याच पाण्याने मरतं. कारण माती कोरडी पडली तरी पानं लोंबतात आणि माती चिखल झाली तरीही लोंबतात. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझ्या भाषेत सांगायचं तर एरर एकच, पण बग वेगळे. आधी बग शोधायचा, मग फिक्स करायचं.

या लेखात मी पीस लिलीचं उदाहरण घेतलंय. तिचं शास्त्रीय नाव स्पॅथिफायलम. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण जंगलातली, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी. मनी प्लांट, सिंगोनियम अशा इतर घरातल्या झाडांनाही हीच पद्धत चालते.

पानं लोंबतात म्हणजे नेमकं काय होतं?

पानातली प्रत्येक पेशी पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी असते. आतल्या पाण्याच्या दाबामुळे पान ताठ राहतं. पानांवरच्या बारीक छिद्रांतून पाणी सतत उडत असतं आणि मुळं ते भरून काढतात. हा हिशोब तीन कारणांनी बिघडतो:

- मातीत पाणीच नाही.
- मातीत पाणी इतकं आहे की हवा उरली नाही. मुळांना ऑक्सिजन लागतो. तो मिळाला नाही की ती कुजतात आणि पाण्यात उभी असूनही पाणी ओढू शकत नाहीत.
- मुळं ठीक आहेत, पण उन्हामुळे पानांतून पाणी फार वेगाने उडतंय.

५ मिनिटांची तपासणी

१. कुंडी उचला. पाणी दिल्यावर कुंडीचं वजन किती लागतं याचा हाताला एकदा अंदाज आला की ही टेस्ट कुठल्याही ॲपपेक्षा पक्की.

२. अगरबत्तीची काडी किंवा बांबूची बारीक काडी मातीत तळापर्यंत खुपसा आणि मिनिटभराने काढा. वरची माती फसवते, तळ खरं सांगतो.

३. कुंडीच्या भोकाजवळ वास घ्या. कुबट, सडका वास आला तर मुळं कुजत आहेत असं समजा.

४. वेळ बघा. दुपारी लोंबलेली पानं संध्याकाळी आपोआप उभी राहत असतील, तर तो उन्हाचा ताण आहे. पाणी वाढवू नका, जागा बदला.

५. पानांची मागची बाजू आणि देठ पाहा. कापसासारखे पांढरे ठिपके म्हणजे पिठ्या ढेकूण. ओल्या कपड्याने पुसून सौम्य साबणाचं पाणी लावा.

एकच झाड, दोन वेगळे उपाय

मी एटापल्लीतून काम करतो. इथे मे महिन्यात हवा भट्टीसारखी असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की कपडे वाळत नाहीत. आमच्याकडची पीस लिली आईच्या मैत्रिणीने बदली होऊन जाताना दिलेली. आईसाठी ते नुसतं झाड नाही. एकाच वर्षात ते दोनदा आडवं झालं.

मे महिन्यात: लग्नासाठी घर आठ दिवस बंद होतं. परत आलो तर कुंडी रिकाम्या डब्यासारखी हलकी, माती आकसून कडेपासून सुटलेली. अशा मातीवर वरून पाणी घातलं तर ते कडेच्या फटीतून थेट खाली निघून जातं. म्हणून कुंडी अर्ध्या उंचीपर्यंत पाण्याच्या टबात ठेवली. पाऊण तासाने काढून पाणी निथळू दिलं आणि सावलीत ठेवली. संध्याकाळपर्यंत बहुतेक पानं उभी.

ऑगस्टमध्ये: पानं तशीच लोंबलेली, पण कुंडी जड आणि वास कुबट. पडवीतल्या पावसाच्या उडणाऱ्या पाण्याने खालची ताटली भरलेली होती. इथे एक थेंबसुद्धा पाणी द्यायचं नाही. झाड बाहेर काढून मुळं धुतली. पांढरी, घट्ट मुळं ठेवली. काळी, लिबलिबीत मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापली. मुळं कमी झाली तर पानांचा भारही कमी करावा लागतो, म्हणून खालची पिवळी पानं काढली. नवी कुंडी मुद्दाम लहान घेतली, कारण मोठ्या कुंडीत जास्तीचं पाणी साचून राहतं. मातीत कोकोपीट आणि राइस मिलमधलं धानाचं तूस मिसळलं, म्हणजे हवा खेळती राहते. तिसऱ्या आठवड्यात मधून एक नवी सुरळी वर आली. आईने तिचा फोटो लगेच मैत्रिणीला पाठवला.

फोन कुठे कामाला येतो?

- ओळख: गूगल लेन्सने झाडाचं नाव शोधा. पण फोटोवरून "पाणी कमी की जास्त" हे ठरवू नका. दोन्ही फोटो सारखेच दिसतात.
- प्रकाश: लक्स मीटर ॲप घ्या. बहुतेक अँड्रॉइड फोनचा प्रकाश सेन्सर स्क्रीनच्या वरच्या कडेला असतो, म्हणून फोन पानाजवळ धरून स्क्रीन खिडकीकडे करा. आयफोनवर अशी ॲप्स कॅमेऱ्यातून अंदाज घेतात. आकडा ढोबळ असतो, पण पुरतो. पीस लिलीला साधारण १,००० ते ५,००० लक्स चांगले. थेट ऊन १ लाख लक्सच्या घरात जातं.
- रिमाइंडर: "पाणी घाल" असा लावू नका, "काडी तपास" असा लावा. मे आणि ऑगस्टमध्ये एकच वेळापत्रक चालत नाही.
- टाइमलॅप्स: पाणी दिल्यावर फोन स्टँडवर ठेवून रेकॉर्ड करा. उठणारी पानं दिसली तर निदान बरोबर. याला नेटवर्कही लागत नाही.

नेहमीचे प्रश्न

*लगेच खत घालू का?* नको. दुखावलेल्या मुळांवर खताचे क्षार गेले की ती आणखी भाजतात. नवं पान येईपर्यंत थांबा.

*कुलरसमोर ठेवलं तर?* त्याच खोलीत चालेल, थेट झोतात नको.

*पिवळं पान पुन्हा हिरवं होईल का?* नाही. ते कापा आणि नव्या पानाकडे लक्ष ठेवा.

*घरात लहान मूल किंवा मांजर आहे?* पीस लिली आणि मनी प्लांट, दोन्हींत कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असतात. पान चावलं तर तोंडाची आग होते. कुंडी उंचावर ठेवा.

थोडक्यात: हलकी कुंडी म्हणजे पाणी द्या, जड कुंडी म्हणजे मुळं बघा, दुपारपुरतं लोंबणं म्हणजे सावलीत हलवा. आत्ता घरात एखादं झाड मान टाकून बसलं असेल, तर तांब्या खाली ठेवा आणि आधी कुंडी उचलून बघा.