एक यंत्र, अनेक प्लास्टिक

अवर्षणप्रवण सोलापूर जिल्ह्यात डाळिंबाच्या बागा ठिबक सिंचनावर उभ्या आहेत. ठिबकच्या एकाच संचात कितीतरी प्रकारचे प्लास्टिक असते. जोडनळ्यांचे कोपरे व टी पीव्हीसीचे, झडपांचे काही भाग पॉलिप्रॉपिलीनचे, तर सूक्ष्म तुषारकांचे काही फिरते भाग अ‍ॅसिटलचे असतात. हे सारे सुटे भाग इंजेक्शन मोल्डिंग यंत्रावर तयार होतात. प्रत्येक प्लास्टिकसाठी वेगळे यंत्र घेणे लहान कारखानदाराला परवडत नाही, म्हणून साचा आणि दाणे बदलून एकाच यंत्रावर कामे काढली जातात. ते शक्य असते, पण सरसकट नव्हे.

हॉपरमधून आलेले दाणे तापलेल्या बॅरलमध्ये फिरत्या स्क्रूमुळे वितळतात आणि दाबाने साच्यात जातात. पीव्हीसीला साधारण १७० ते २०० अंश सेल्सिअस तापमान लागते, पॉलिप्रॉपिलीनला २०० ते २५०, तर पॉलिकार्बोनेटला २८० ते ३१०. नायलॉन, एबीएस व पॉलिकार्बोनेट हवेतील ओलावा शोषतात, त्यामुळे ते आधी वाळवावे लागतात. पॉलिकार्बोनेट सुमारे १२० अंशांवर तीन ते चार तास. यात हयगय झाली तर भागावर चंदेरी रेघा उमटतात आणि तो ठिसूळ होतो.

यंत्राची क्षमता बहुधा पॉलिस्टायरीनच्या ग्रॅममध्ये दिलेली असते. वितळलेले पॉलिप्रॉपिलीन त्याहून हलके असल्याने १०० ग्रॅमच्या यंत्रातून त्याचे सुमारे ८० ग्रॅमच निघतात. नवा साचा घेताना हा हिशेब अनेकदा विसरला जातो.

खरा प्रश्न आधीचा माल काढून टाकण्याचा. स्क्रूच्या खाचांत व नोझलमध्ये तो चिकटून राहतो. पॉलिकार्बोनेटवरून पॉलिप्रॉपिलीनवर यायचे असेल तर मध्ये घट्ट प्रवाहाचे एचडीपीई चालवीत तापमान टप्प्याटप्प्याने उतरवतात. फिक्या रंगावरून गडद रंगावर जाणे स्वस्त पडते. उलट क्रमाने गेल्यास कितीतरी किलो माल वाया जातो. दिवसाचे वेळापत्रक रंग पाहून आखले, तर निम्मी कटकट तेथेच मिटते.

एका जोडीच्या बाबतीत मात्र प्रश्न पैशांचा नाही, जिवाचा आहे. पीव्हीसी व अ‍ॅसिटल गरम बॅरलमध्ये कधीही एकत्र येता कामा नयेत. पीव्हीसीच्या विघटनातून हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि त्यामुळे अ‍ॅसिटल झपाट्याने मोडून फॉर्मल्डिहाइड वायू तयार होतो. वायूचा दाब वाढून वितळलेला माल नोझलमधून किंवा हॉपरच्या तोंडातून उसळू शकतो; वायूही विषारी असतो. पुनर्वापराच्या चुऱ्यातून अशी भेसळ नकळत होते, म्हणून चुऱ्याच्या पोत्यांवर नाव हवेच. शक्य असेल तर ही दोन प्लास्टिके एका यंत्रावर घेऊच नयेत. घ्यावी लागलीच, तर मध्ये पॉलिइथिलीनने बॅरल पूर्ण धुऊन काढावे आणि नोझल उतरवून साफ करावे.

पीव्हीसीचे आम्लयुक्त वायू साधे पोलादही खातात. त्यासाठी गंजरोधक स्क्रू बसवतात. काचतंतू मिसळलेले नायलॉन स्क्रू घासून काढते, तेथे कठीण धातूचे अस्तर असलेले बॅरल लागते. वीज जाऊन यंत्र थांबले आणि आत पीव्हीसी राहिले, तर ते उरलेल्या उष्णतेनेही करपते. त्यामुळे पीव्हीसीची पाळी संपवताना बॅरल रिकामे करून पॉलिइथिलीन भरून ठेवण्याची पद्धत आहे.