बटाट्यात राजगिऱ्याचे जनुक : ‘प्रोटॅटो’चा प्रयोग

उपवासाच्या ताटात राजगिरा आणि बटाटा हे दोन्ही पदार्थ हमखास असतात. राजगिऱ्याचे जनुक बटाट्यात घालून अधिक प्रथिनांचा बटाटा तयार करण्याचा प्रयोग भारतीय शास्त्रज्ञांनी केला. ‘प्रोटॅटो’ या नावाने तो ओळखला जातो.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील जीवरसायनशास्त्रज्ञ आसिस दत्ता यांच्या गटाने राजगिऱ्याच्या बियांतील ‘एएमए-१’ या प्रथिनाचे जनुक वेगळे केले. १९९२ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. तृणधान्यांत लायसिन, तर डाळींत मेथिओनिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. या प्रथिनात मात्र आवश्यक अमिनो आम्लांचे प्रमाण संतुलित आहे. हे जनुक बटाट्यात घातल्याचे निष्कर्ष २००० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे बटाट्याच्या सात वाणांवर शेतात चाचण्या झाल्या. प्रथिनांचे एकूण प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत वाढल्याचे २०१० मध्ये जाहीर करण्यात आले. प्राण्यांवरील चाचण्यांत हा बटाटा सुरक्षित आढळल्याचेही संशोधकांनी नमूद केले.

दरम्यान, २००३च्या सुमारास हा बटाटा शाळांतील माध्यान्ह भोजनात देण्याची कल्पना पुढे आली आणि वादाला तोंड फुटले. आक्षेपाचे मूळ साध्या हिशेबात होते. शंभर ग्रॅम बटाट्यात जेमतेम दोन ग्रॅम प्रथिने असतात. त्यात ६० टक्के वाढ झाली, तरी हे प्रमाण सव्वातीन ग्रॅमच्या आसपासच राहते. म्हणजे दोनशे ग्रॅम बटाटा खाणाऱ्या मुलाला सुमारे अडीच ग्रॅम प्रथिने अधिक मिळतील. तेवढी प्रथिने दहा-अकरा ग्रॅम तूरडाळीतूनही मिळतात. समर्थकांचे म्हणणे असे, की बटाटा गरिबाच्या घरी रोज शिजतो. डाळ मात्र महागली की ताटातून प्रथम तीच कमी होते. शिवाय प्रथिनांच्या प्रमाणाइतकाच त्यांचा दर्जाही महत्त्वाचा असतो.

‘प्रोटॅटो’ अद्याप शेतकऱ्यांपर्यंत पोहोचलेला नाही. २००२ मध्ये परवानगी मिळालेला बीटी कापूस हेच देशात अधिकृतपणे व्यापारी लागवड झालेले एकमेव जनुकांतरित पीक आहे. ‘प्रोटॅटो’च्या वादातून एक निकष मात्र स्पष्ट झाला. पोषणमूल्य किती टक्क्यांनी वाढले, यापेक्षा मुलाच्या ताटात प्रत्यक्ष किती ग्रॅमची भर पडली, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.